डोकं कुठे, शेपूट कुठे? एका पेशीतली कबड्डी

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेच गाळलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



मागे आपण डीएनएबद्दल बोललो, आणि त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फिरवून फिरवून एकच प्रश्न विचारला. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींमध्ये डीएनए तोच असतो ना, मग एक पेशी मेंदूची होते आणि दुसरी आतड्याची, हे कसं काय? एकाने तर लिहिलं, सगळ्या वर्गाला एकच पुस्तक दिलंय, मग प्रत्येक जण वेगळा धडा कसा काय वाचतो?

प्रश्न भारी आहे. त्याचं नेहमीचं उत्तर असं, की वेगवेगळ्या पेशींमध्ये वेगवेगळी जनुकं चालू-बंद होतात. खरंय. पण हे उत्तर मला नेहमी अर्धवट वाटतं, कारण प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो. कोणत्या पेशीने कोणतं जनुक चालू करायचं हे तिला कोण सांगतं? तिच्या आधीची पेशी? मग त्या पेशीला कोणी सांगितलं? असं मागे मागे जात राहिलं की शेवटी आपण एका पेशीपाशी येऊन थांबतो. एकच फलित अंडं. त्याला ना डोकं, ना शेपूट. आणि तिथे कधीतरी असा एक क्षण यावाच लागतो, जेव्हा त्या पेशीची एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी होते. पहिल्यांदाच.

आजचा भाग त्या क्षणाबद्दल आहे. आणि गंमत म्हणजे एका प्राण्यामध्ये हा क्षण आपल्याला जवळजवळ मिनिटामिनिटाने ठाऊक आहे.

प्राणी साधाच आहे. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. नाव लांबलचक, जीव मात्र १ मिलीमीटरचा. मातीत, कुजक्या फळांवर राहणारा, बॅक्टेरिया खाणारा सूत्रकृमी. शरीर पारदर्शक, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली आतलं सगळं जिवंतपणी दिसतं. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी हा प्राणी अभ्यासासाठी निवडला. पुढे जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी अंड्यापासून प्रत्येक पेशी कोणापासून झाली याची अक्षरशः वंशावळ काढली. गर्भाची वंशावळ १९८३ मध्ये पूर्ण झाली. आपल्याकडे गुरुजींच्या वहीत सात पिढ्या सापडतात ना, तशी. फरक एवढाच की इथे कोणीही सुटलेलं नाही. मोठ्या उभयलिंगी कृमीच्या शरीरात बरोबर ९५९ पेशी, प्रजननाच्या पेशी सोडून. त्यातल्या ३०२ चेतापेशी. दर कृमीत तेवढ्याच. ब्रेनर, सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ चं नोबेल मिळालं.

आता त्याचं अंडं बघू. लांबी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे अशी २० अंडी टोकाला टोक लावून ठेवली तर जेमतेम १ मिलीमीटर भरेल. आकार लांबट, साबुदाण्यासारखा गोल नाही, तर शेंगदाण्याच्या दाण्यासारखा. म्हणजे टोकं दोन आहेत. पण कोणतं टोक डोक्याचं?

माशीच्या बाबतीत हा प्रश्न आईच सोडवून टाकते. फळमाशीचं अंडं आईच्या पोटात तयार होतानाच डोक्याच्या टोकाला एक खास निरोप ठेवलेला असतो. आपल्या कृमीच्या अंड्यात असा निरोप नसतो. दोन्ही टोकं सारखीच. मग ठरवतं कोण?

ठरवते शुक्रपेशी. म्हणजे ती कुठून आत शिरली ती जागा.

या कृमीची शुक्रपेशी आपल्या डोळ्यासमोर येते तशी शेपटीवाली, वळवळत पोहणारी नसते. तिला शेपटीच नाही. ती अमिबासारखी सरपटते. शुक्रपेशी साठवलेल्या पिशवीत अंडं शिरतं, तेव्हा त्याचं जे टोक आधी आत जातं तिथेच बहुधा शुक्रपेशी भेटते आणि आत घुसते. ते टोक पुढे शेपटीचं होतं. हा नुसता योगायोग नाही हे बॉब गोल्डस्टीन आणि स्टीव्हन हर्ड यांनी १९९६ मध्ये दाखवलं. शुक्रपेशी उलट्या टोकाने आत गेली, की डोकं-शेपटीही उलटी लागते. अंड्याचं स्वतःचं काही म्हणणंच नसतं.

पण शुक्रपेशी तर डीएनए घेऊन येते. मग तो डीएनए काही सांगत असेल का? इथे मला सगळ्यात आवडलेला प्रयोग येतो. २००० मध्ये पेनी सॅडलर आणि डायेन शेक्स यांनी केंद्रकच नसलेल्या, म्हणजे डीएनए नसलेल्या शुक्रपेशी पाहिल्या. त्या सरपटतात, अंड्यात शिरतात, आणि अंड्याला पुढची-मागची बाजूही देतात! पुस्तक कोरं, तरी काम फत्ते. म्हणजे ‘मागची बाजू इथे’ हा निरोप डीएनएमध्ये नाहीच. शुक्रपेशीबरोबर आणखी एक सामान येतं, त्यात तो आहे.

ते सामान म्हणजे सेंट्रोसोम. पेशी विभागताना जे दोरे गुणसूत्रांना ओढून वेगळं करतात, त्या दोऱ्यांचा खुंटा म्हणा. अंड्याने आपला खुंटा तयार होतानाच गमावलेला असतो, शुक्रपेशी तिचा घेऊन येते. मात्र आत आल्या आल्या तो काही करत नाही. अंड्याला आधी स्वतःचं अर्धवट राहिलेलं विभाजन पूर्ण करायचं असतं, भोवती कवच करायचं असतं. यात साधारण अर्धा तास जातो. दरम्यान सेंट्रोसोम आपल्याभोवती प्रथिनं गोळा करून तयार होतो आणि अंड्याच्या कडेला, आवरणाच्या अगदी जवळ असतो. आणि मग सुरू होते खरी मजा.

अंड्याच्या आवरणाला आतून ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं एक पातळ जाळं चिकटलेलं असतं. तुमच्या दंडाचा स्नायू ज्या प्रथिनांनी आवळतो, तीच ही जोडी. हे जाळं सगळीकडून सारखंच आवळत असतं. या वेळी व्हिडिओत अंड्याचा पृष्ठभाग उकळत्या पिठल्यासारखा खदखदताना दिसतो. (यूट्यूबवर या कृमीच्या पहिल्या विभाजनाचे व्हिडिओ भरपूर आहेत. वेग वाढवलेले असतात, त्यामुळे मिनिटभरात सगळं दिसतं. हा भाग वाचून झाल्यावर नक्की बघा.)

आता कल्पना करा, पावसात दहा-पंधरा जण गोल उभे राहून एक ताडपत्री ताणून धरतायत. सगळे सारखा जोर लावतायत, म्हणून ताडपत्री जागच्या जागी. आणि एका बाजूच्या दोघा-तिघांनी हात सैल सोडले. काय होईल? अख्खी ताडपत्री समोरच्यांच्या दिशेने सरकेल आणि तिच्यावर ठेवलेलं सामानही तिच्यासोबत जाईल. सेंट्रोसोम नेमकं हेच करतो. तो जिथे आहे तिथल्या जाळ्याचा ताण सैल करतो. बाकीचं जाळं आवळलेलंच असतं, त्यामुळे ते त्या जागेपासून दूर, समोरच्या टोकाकडे वाहायला लागतं. एड मन्रो, जेरेमी नान्स आणि जिम प्रीस यांनी २००४ मध्ये हा प्रवाह नीट मोजून दाखवला. मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर, सेंट्रोसोम कुठलाही रासायनिक पत्ता लिहून ठेवत नाही. तो फक्त एका ठिकाणी ढील देतो.

पण ताडपत्रीवर सामान कसलं होतं?

त्यासाठी १९८८ मध्ये जावं लागेल. केन केम्फ्युस, जिम प्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी जनुकं शोधायची होती, जी बिघडली की अंड्याच्या आतल्या मालाची वाटणी चुकते. अशा शोधात वापरतात ती एक युक्ती ऐका, थोडी क्रूर आहे. अंडी बाहेर टाकता येत नाहीत असे कृमी घ्यायचे. त्यांची अंडी पोटातच फुटतात, पिल्लं आईलाच आतून खातात आणि आई म्हणजे वळवळत्या पिल्लांची नुसती पिशवी उरते. पण आईच्या एखाद्या जनुकात असा बिघाड असेल की तिची अंडी उबतच नाहीत, तर ती आई वाचते. हजारो कृमींमध्ये जी आई जिवंत दिसते, तिच्या पोटात मेलेले गर्भ असतात. तिलाच उचलायचं.

तिलाच का, पिल्लांना का नाही? कारण पहिल्या तासात गर्भ आईने भरून दिलेल्या शिदोरीवरच जगत असतो. बिघाड आईच्या जनुकात असतो, पण आई स्वतः ठणठणीत, कारण तिला तिच्या आईची शिदोरी मिळालेली असते. फटका बसतो तो पुढच्या पिढीला.

या शोधातून जी जनुकं हाती आली त्यांना नाव मिळालं ‘पार’, वाटणी बिघडवणारी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून. पुढे पार-१ ते पार-६ अशी सहा झाली. निरोगी अंड्याचं पहिलं विभाजन असमान असतं. पुढची पेशी मोठी, मागची लहान, आणि मोठी पेशी पुढच्या वेळी लहानीच्या दोनेक मिनिटं आधी विभागते. पार-२ किंवा पार-३ बिघडलेल्या अंड्यात मात्र दोन्ही पेशी सारख्याच आकाराच्या होतात आणि एकदमच विभागतात. दिसायला किती नीटनेटकं! आपल्याला वाटेल, समान वाटणी झाली, छान झालं. पण हे गर्भ जगत नाहीत. विभाजन थांबत नाही, शेकडो पेशी होतात, त्यातल्या कित्येक स्नायूंच्या, त्वचेच्या वगैरे होतातही. पण कृमी होत नाही. नुसता गोळा राहतो, आणि कवचातच मरतो.

म्हणजे प्रश्न फक्त आकाराचा नाही. सगळा माल असून, पुढे-मागे नसेल तर शरीर नाही.

आता हे पार कसं काम करतात? यासाठी कबड्डीचं मैदान डोळ्यासमोर आणा.

अंड्याच्या आवरणाची आतली बाजू म्हणजे मैदान. संघ दोन. पहिल्या संघात पार-३, पार-६ आणि त्यांचा सोबती पीकेसी-३. दुसऱ्या संघात पार-१, पार-२ आणि आणखी काही गडी. खेळ सुरू व्हायच्या आधी अख्खं मैदान पहिल्या संघाने व्यापलेलं असतं. दुसरा संघ मैदानाबाहेर, म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवात तरंगत. त्यातल्या कोणी आवरणावर पाय टेकायचा प्रयत्न केलाच, तर पीकेसी-३ त्याला हात लावतो. हा हात म्हणजे फॉस्फेटचा एक छोटासा तुकडा. तो चिकटला की गडी बाद, आवरणावर टिकत नाही.

मग ताडपत्री सरकते. जाळ्याच्या प्रवाहासोबत पहिल्या संघाचे गडी पुढच्या टोकाकडे ओढले जातात. सेंट्रोसोमच्या बाजूचं मैदान रिकामं पडतं आणि दुसरा संघ तिथे घुसतो. शिवाय सेंट्रोसोममधून निघणाऱ्या सूक्ष्म नलिका पार-२ ला चिकटून त्याला पीकेसी-३ च्या हातापासून वाचवतात, असंही फुमिओ मोतेगी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं. म्हणजे रस्ते दोन. एक बंद पडला तर दुसरा उशिरा का होईना, काम उरकतो. निसर्गात ही गोष्ट सारखी दिसते: जिथे चुकलं तर सगळंच संपतं, तिथे जुगाड एकावर थांबत नाही.

एकदा दुसरा संघ मैदानात आला की तोही मुकाट्याने उभा राहत नाही. पार-१ आता पार-३ ला हात लावून बाद करतो. म्हणजे मागच्या भागात पुढचे टिकत नाहीत, पुढच्या भागात मागचे टिकत नाहीत. मध्ये आपोआप एक रेषा तयार होते. ती कोणी आखलेली नसते.

आणि बाद झालेला गडी कायमचा जात नाही. द्रवात फॉस्फेट निघून जातं आणि तो पुन्हा खेळायला तयार. कबड्डीतही गडी जिवंत होतो, तसंच. पण मग ती रेषा एका टोकापर्यंत ढकलली का जात नाही? कारण प्रत्येक संघाकडे गडी मोजकेच. संघ जितका पसरेल तितके बाहेर बसलेले कमी, आणि पसरायचा जोर ओसरतो. दोन्हीकडे असं होत होत रेषा साधारण मध्यावर थबकते. नेथन गोअरिंग, स्टीफन ग्रिल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे गणिताने आणि प्रयोगाने मांडलं: प्रवाह फक्त धक्का देतो, पुढचं सगळं दोन संघ आपसात सांभाळतात.

याचा पुरावा तर फारच सुंदर आहे. कॅरी कोवन आणि टोनी हायमन यांनी २००४ मध्ये लेझरने सेंट्रोसोमच जाळून टाकला. सुरुवातीलाच जाळला तर अंड्याला पुढे-मागे मिळतच नाही. पण मागचा संघ मैदानात उतरल्यावर जाळला, तर काही फरक पडत नाही. शिट्टी वाजवणारा निघून गेला तरी खेळ चालूच.

हे सगळं किती वेळात होतं माहितीये? आठ-दहा मिनिटांत.

आता या रेषेचं पुढे काय होतं ते पटकन सांगते, कारण ती नुसती आवरणावर राहिली तर उपयोग काय? मागच्या बाजूचा पार-१ हा मेक्स-५ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावून चपळ करतो, त्यामुळे ते मागे ठरत नाही आणि पुढच्या अर्ध्यात साठतं. पुढच्या पिढीची बीजं ज्या पेशीत जाणार तिच्यासाठी अंड्यात पी-कण नावाचे थेंब असतात. २००९ मध्ये क्लिफ ब्रँग्विन, हायमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे कण खरोखरच द्रवाचे थेंब आहेत. ते एकमेकांत मिसळतात, ओघळतात, पुढच्या बाजूला विरघळतात आणि मागच्या बाजूला पुन्हा जमतात. थंडीत खोबरेल तेल गोठतं आणि उन्हात ठेवलं की पातळ होतं, तसं, पण इथे एकाच पेशीच्या दोन टोकांना. या एका निरीक्षणावरून पेशीच्या आत असे थेंब आणखी कुठे कुठे आहेत हे शोधण्याची लाट आली. तो वेगळ्या भागाचा विषय.

शिवाय विभाजनाच्या दोऱ्यांना मागच्या बाजूने जास्त जोराने ओढलं जातं, म्हणून पेशी मध्यावर न कापता थोडी मागे कापली जाते. पुढच्या मोठ्या पेशीतून बहुतेक चेतापेशी आणि त्वचेचा मोठा भाग होतो. मागच्या लहान पेशीतून आतडं, बरेच स्नायू आणि प्रजननाच्या पेशी होतात. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे या. दोन्ही पेशींत डीएनए तोच. पण वाटणीत मिळालेला माल वेगळा, आणि कोणती जनुकं चालू होणार ते तो माल ठरवतो. पुस्तक एकच, पण खुणेचा कागद कोणत्या पानात घातलाय ते वेगळं.

बिघाड कसा असू शकतो याचं एक उदाहरण सांगायलाच हवं, कारण त्यात आपल्याकडचंही काम आहे. सेंट्रोसोम जाळ्याला ढील देतो म्हटलं, पण कशाने? ऑरोरा-ए नावाच्या प्रथिनाने. २०१९ च्या सुमारास जगातल्या काही प्रयोगशाळा जवळजवळ एकाच वेळी या उत्तरापाशी पोहोचल्या, त्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली सचिन कोटक यांची प्रयोगशाळाही होती. ऑरोरा-ए काढून घेतलं तर काय होईल? मला वाटलं असतं, अंडं ठोंब्यासारखं बसून राहील. तसं होत नाही. पार-२ दोन्ही टोकांना जमतो! अंड्याला दोन शेपटी, डोकं नाही. म्हणजे मागची बाजू तयार व्हायची खुमखुमी अंड्यात मुळातच असते. सेंट्रोसोमचं काम तिला जागं करणं एवढंच नाही, ती एकाच ठिकाणी होईल हे पाहणंही आहे.

मग तुम्ही विचाराल, आमचं काय? माणसाचं डोकं-शेपूट शुक्रपेशी कुठून आली यावर ठरत नाही, तेव्हा ते डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे ती दिशा बरीच नंतर ठरते. पण पार प्रथिनं आपल्यातही आहेत, आणि धंदा तोच: पेशीच्या एका बाजूला दुसरीपासून वेगळं ठेवणं. उंदराच्या ८ पेशींच्या गर्भात ती बाहेरची आणि आतली बाजू ठरवायला मदत करतात. तुमच्या आतड्याच्या पेशीला अन्न कोणत्या बाजूने घ्यायचं आणि रक्ताकडे कोणत्या बाजूने द्यायचं हे कळतं, त्यातही त्यांचा हात. कृमीच्या पार-४ चं माणसातलं भावंड म्हणजे एलकेबी-१. ते जनुक बिघडलं की पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार होतो. ओठांवर काळसर ठिपके, आतड्यात गाठी, आणि कॅन्सरचा धोका वाढलेला. मातीतल्या कृमीच्या अंड्यांवरचा अभ्यास कोणाच्या उपयोगाचा, असं कोणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या.

शेवटचं एक, आणि थांबते. ही कबड्डी एकदाच होत नाही. मागची लहान पेशी पुन्हा पुढे-मागे ठरवते आणि असमान विभागते. तिची मागची पेशी पुन्हा. असं एकूण चार वेळा. दर वेळी मागची पेशी आणखी लहान, मैदान आणखी आखूड. गोअरिंग यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये मांडलं की मैदान एका मर्यादेपेक्षा लहान झालं, की दोन संघ वेगवेगळे उभेच राहू शकत नाहीत. आणि खरंच, चौथ्या वाटणीनंतर उरलेली पेशी सरळ दोन समान भागांत विभागते. त्या दोन पेशी मग गर्भात आणखी विभागत नाहीत. कृमी कवचातून बाहेर येतो, पहिला घास खातो, तेव्हा कुठे त्या कामाला लागतात. त्या कृमीची सगळी अंडी आणि सगळ्या शुक्रपेशी या दोघींपासूनच होतात.

चला, पुढच्या भागात माशीची आई अंड्यात डोक्याचा निरोप कसा ठेवते ते बघू. तोपर्यंत तो व्हिडिओ बघून ठेवा, आणि खदखदणारा पृष्ठभाग एका टोकाला कधी शांत होतो ते पकडता येतंय का, मला कळवा.